तेलाचं तापमान

औलीहून दिगंबर नेगीचा फोटो आला:
डोंगर बोडके, तपकिरी,
रोपवेच्या खुर्च्या उन्हात टांगलेल्या,
आणि ज्या उतारावर मी गेल्या साली तीनदा पडले
तिथे एक गाय.
खाली एवढंच: दीदी, इतक्यात येऊ नका.

मी सबस्टेशनच्या पायरीवर बसून
त्या गाईकडेच बघत राहिले.
चांगली गाय होती.

अकरा दिवसांची रजा मंजूर आहे.
वर्षभर साठवलेली. पोळ्याला घेतली नाही,
भावाच्या साखरपुड्याला अर्धाच दिवस.
साहेब म्हणाले होते, ‘निंभोरकर, घसरायला रजा?
इथं तर लोक रजा न घेताच घसरतात.’
तरी सही केली.

माळ्यावर, फवारणीच्या पंपाशेजारी,
जुन्या सतरंजीत गुंडाळलेल्या दोन पट्ट्या.
दिवाळी झाली की मी त्यांना मेण लावते,
उरलेल्या मेणबत्त्यांचं, वरून इस्त्री फिरवत.
आई बघते. ‘म्हशीलेही एवढं कोणी चोळत नाही बाई.’

नोव्हेंबरपासून भिंतीला पाठ लावून
नसलेल्या खुर्चीवर बसते, मांड्या थरथरेपर्यंत.
खांबावर चढतानाही गुडघ्यांची हजेरी घेते.
सगळं तयार आहे,
फक्त ते पडायचं राहिलंय.

चौकातला गुणवंता रोज विचारतो,
‘काय वो मॅडम, पडला का तुमचा बरफ?’
पाव्हणे आले का, विचारावं तसं.
मी मान हलवते.
तो अद्रक जरा जास्त ठेचतो.

थंडी इथेही आलेली नाही.
डिसेंबर अर्धा सरला, पंखा चालूच.
आंबिया बहाराची संत्री रसाने जड झालीत,
साल मात्र हिरवी; रंग रात्रीच्या गारव्याने चढतो
आणि रात्री कोमट, विसरलेल्या चहासारख्या.
मंडीत फळं निवडणारी पंचफुला
एक संत्रं बोटांत फिरवून म्हणाली,
‘आतून पिकलं, पण सालीले कोणी सांगतलंच नाही बाप्पा.’
नेगीला हे कळवलं.
त्याचं उत्तर आलं नाही. नुसता अंगठा.

आणि कृपा करून मला कोणी कापूस दाखवू नका.
जिनिंगमध्ये ढीग आहे, माहीत आहे.
पांढरा आहे, हेही.
लहानपणी उडी मारली होती त्यात.
घसरता येत नाही, नुसतं बुडता येतं.

रजेच्या पहिल्या दिवशी पट्ट्या खांद्यावर टाकून
मागच्या टेकडीवर गेले.
कुसळी गवत वाळून आडवं झालेलं,
पाऊणशे पावलांचा उतार.
अतिश धुर्वे शेळ्या सोडून उभा राहिला.
‘याले ब्रेक कुठं हाय?’
गुडघ्यात, म्हटलं.

चार हात गेले.
खरंच गेले. पायाखालून एक शीळ निघाली,
कोरडी, बर्फाची नव्हे,
पण शीळ.
मग दगड.

अतिश हसला नाही. आधी त्याने शेळ्यांकडे बघितलं,
त्या हसतायत का म्हणून.
मग म्हणाला, ‘आता मी.’
बूट त्याला गुडघ्यापर्यंत आले.

उरलेले दहा दिवस मी परत केले,
जानेवारीत मागेन असं लिहून.
आज रात्रपाळी. बाराला शेतपंपांची लाइन सोडली,
लांबवर मोटारी घुमू लागल्या, गव्हाचं पाणी.
दर तासाला रोहित्राचं तेल किती तापलं ते लिहायचं:
एक वाजता एक्केचाळीस.
दोन वाजता बेचाळीस.
मधल्या वेळात मोज्यांतली कुसळं काढते.
शिरली त्या वाटेने परत येत नाहीत,
पुढेच ओढावी लागतात, आरपार.

तीन वाजता चाळीस.
शेऱ्याच्या रकान्यात काही लिहायचं नसतं.
मी लिहिलं: औली, उणे एक. आभाळ आहे.
आणि उठून पंखा एक आकडा खाली केला.